रोज दोन तास बसायचं ठरलेलं आहे, पण हात तेच तेच काढतो. नवं सुचण्यासाठी टेबलावरच काय करता येईल?

रिकामी_चौकट

जलरंग आणि ॲक्रिलिक दोन्ही वापरते. रोज संध्याकाळी दोन तास मिळतात. जागा म्हणजे एक टेबल, छोटं इझल आणि भिंतीला टेकवलेला बोर्ड. रेखाटन प्रमाणात येतं, वॉश (पातळ रंगाचा पसरट थर) सपाट बसतो, तिथे फारसं अडत नाही. अडतं ते असं:

पहिला अर्धा तास विषय शोधण्यात आणि फोनवर फोटो चाळण्यात जातो. एवढं करून शेवटी बरणी, पेला, खिडकी यांच्यावरच गाडी येते. रचनाही ठरलेली: वस्तू मधोमध, उजेड डावीकडून, मागे पुसट काहीतरी. शिवाय ॲक्रिलिक पॅलेटवर वाळून जातं आणि दुसऱ्या दिवशी तीच छटा काही केल्या जुळत नाही, म्हणून अर्धवट चित्रं साचत चालली आहेत.

"बाहेर फिरा, प्रदर्शनं बघा" हे माहीत आहे, ते कृपया नको. याच टेबलावर, याच दोन तासांत जमेल असं सांगा. मापं, प्रमाण, कुठे चुकतं हे सगळं आलं तर उत्तम.

---

गेरू

आधी विषय शोधणं बंद करा. अर्धा तास घालवून हाती बरणीच लागणार असेल तर बरणी ठरलेलीच आहे असं धरून बसा आणि त्या बरणीबाबतची एकच गोष्ट रोज बदला.

इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) कित्येक दशकं त्याच बाटल्या, डबे आणि सुरया रंगवत राहिला. टेबलावर कागद अंथरून वस्तूंच्या जागा तो त्यावर आखून ठेवायचा. काही बाटल्यांना त्याने मॅट रंग फासून टाकला होता. त्यामागचं कारण नीट लक्षात घ्या: चकाकी मेली की काच, पत्रा आणि चिनीमाती यांतला फरक उरत नाही, मग डोळा आकार, कडा आणि मधल्या मोकळ्या जागेकडे वळतो. तुमच्या बरणीवरचा पांढरा ठिपका काढण्यात जेवढी मजा येते, तेवढंच रचनेकडे दुर्लक्ष होतं. एखादी जुनी बाटली करड्या मॅट ॲक्रिलिकने रंगवून पाहाच. काचेवर रंग धरत नाही, म्हणून आधी गेसोचा (रंगाखाली द्यायच्या अस्तराचा) एक पातळ हात द्या.

मांडणी अशी करा. तीन वस्तू पुरेत: एक उंच, एक बुटकी आणि रुंद, एक आडवी. पुठ्ठ्याचं साधारण ४० सेंमी रुंद खोकं घ्या, त्याची समोरची आणि डाव्या-उजव्यापैकी एक बाजू कापून टाका, आतून करडा कागद लावा. कापलेल्या बाजूने एकच दिवा, वस्तूंच्या वरून ४५ अंशांत. छताचा दिवा बंद. तो चालू राहिला तर प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडतात, आणि खरी कुठली हे ठरवता ठरवता चित्र मऊ पडतं. वस्तूंच्या बुडाभोवती पेन्सिलीने खूण करून ठेवा, म्हणजे टेबल दुसऱ्या कामाला लागलं तरी मांडणी पाच मिनिटांत परत उभी राहते. दिव्याच्या पायाचीही खूण करा. हे बरेच जण विसरतात आणि मग सावल्या जुळत नाहीत.

आता या एका मांडणीची किमान सहा चित्रं, दर वेळी एकच बदल. उजेड मागून आणा: वस्तू जवळजवळ सपाट काळ्या होतात आणि सावल्या तुमच्याकडे धावत येतात. डोळ्याची पातळी टेबलाच्या कडेपर्यंत खाली आणा: सगळी बुडं एका रेघेत येतात, उंचीचाच खेळ उरतो. उलट, नेहमीच्या उंचीवरून काढताना एक चूक हमखास होते. बसून बघताना बाटलीचं बूड तोंडापेक्षा डोळ्याच्या पातळीपासून लांब असतं, म्हणून बुडाचं लंबवर्तुळ तोंडाच्या लंबवर्तुळापेक्षा जास्त उघडं दिसलं पाहिजे. लोक तोंड गोल काढतात आणि बूड मात्र टेबलावर "टेकलेलं" वाटावं म्हणून सरळ रेघेने बंद करतात. मग बाटली पुढे झुकल्यासारखी दिसते.

तिसरा बदल चौकटीचा. पुठ्ठ्याचे इंग्रजी 'एल'सारखे दोन काटकोनी तुकडे कापा, एकमेकांवर सरकवून चौकट लहान-मोठी करा आणि निदान एक वस्तू चौकटीने कापली जाईल असं बघा. तुमची "मधोमध" सवय मोडायला यासारखं औषध नाही. चौथा, वस्तू न काढता मधल्या जागाच काढायच्या.

आणि हे सगळं रंगाआधी ठिपक्याएवढ्या चित्रांत. ५×७ सेंमीच्या आठ चौकटी आखा, प्रत्येकीला तीन मिनिटं. हत्यार: जाड काळा मार्कर. पेन्सिल नको, पेन्सिल हातात आली की तपशील सुरू होतो. दोनच छटा: काळा आणि कागदाचा पांढरा. सावलीतली वस्तू आणि तिची पडछाया एकत्र जोडून एकच काळा आकार करा, मधली कड सोडून द्या. काळा-पांढरा अर्धा-अर्धा झाला तर चित्र थिजतं. एकाला साधारण दोन तृतीयांश जागा द्या. छोट्या चौकटीचं प्रमाण मोठ्या कागदाशी जुळलं पाहिजे: ५×७ ची चौकट २०×२८ वर जाते, ३०×३० वर नाही. छोट्यात छान दिसलेली रचना मोठ्यात बिघडते ती बहुतेक वेळा एवढ्याचसाठी.

सहाच्या आत मांडणी बदलू नका. पहिली दोन-तीन चित्रं सवयीची येतात, कंटाळा त्यानंतर येतो आणि शोधाशोधही तेव्हाच सुरू होते.

---

चिकटपट्टी

गेरू यांनी काय काढायचं ते सांगितलं. माझं म्हणणं, दोन तासांतला किती वेळ खरा रंगवण्यात जातो ते आधी मोजा. कागद कापणं, टेप लावणं, ब्रश शोधणं, रंग काढणं यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात, आणि त्या दमणुकीलाच आपण "सुचत नाही" असं नाव देतो.

कागद आठवड्यातून एकदाच कापा. ५६×७६ सेंमीच्या पूर्ण शीटचे १९×२८ सेंमीचे बरोबर आठ तुकडे होतात, कचरा शून्य. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद या मापात भिजवून ताणायची गरज नाही, चारही बाजूंनी टेप पुरते. टेप आधी कपड्यावर एकदा चिकटवून मग कागदावर लावा, चिकटपणा थोडा मरतो आणि काढताना कागदाचा पापुद्रा निघत नाही. काढायची ती कागद पूर्ण वाळल्यावर, चित्रापासून बाहेरच्या दिशेने, तिरकी ओढून. टेप लावलेले तीन तुकडे कायम बोर्डवर तयार असू द्यात.

तीन का? कारण जलरंगाचा एक थर वाळायला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि त्या वेळात हात स्वस्थ बसत नाहीत. ओल्या वॉशमध्ये "जरा इथे" म्हणून ब्रश घातला की पाण्याची फुलकोबी उमटते. आधीचा रंग अर्धवट वाळलेला आणि ब्रशमध्ये त्याहून जास्त पाणी, म्हणून ते पाणी रंगाचे कण ढकलत कडेला नेतं. दुसरा कागद तयार असला तर हात तिकडे वळतो.

दुसरं, उठताना चित्र "पूर्ण" करून उठू नका. पुढची पायरी नक्की माहीत असताना थांबा आणि टेपवरच पेन्सिलीने ती लिहा: "मागची भिंत, डावीकडे थंड करायची", "पेल्याची उजवी कड हरवायची". एक ओळ, क्रियापदासकट. "भिंत बघणे" असं लिहिलंत तर उद्या पुन्हा विचारच करत बसाल.

आता ॲक्रिलिक. ओलं राहणारं पॅलेट घरी होतं. झाकणाचा उथळ प्लास्टिक डबा, खोली ३ सेंमीच्या आसपास. तळाला किचन टॉवेलचे तीन-चार थर किंवा स्वयंपाकघरातलं पातळ स्पंजचं कापड. पाणी घाला, कापड भिजलं की डबा तिरका करून वरचं सगळं पाणी ओता. डबा कलता केला तर पाण्याचा ओघळ यायला नको. त्यावर बेकिंगचा कागद अंथरा, मधले बुडबुडे बोटाने काढून टाका. रंग या कागदावर. मेणकागद किंवा फॉइल चालत नाही, त्यातून ओल वर येतच नाही. साधा कागद घेतला तर उलट, एवढं पाणी वर येतं की रंगाचं सूप होतं. रंगाच्या कडा पसरायला लागल्या तर खाली पाणी जास्त आहे. कडा कडक होत असतील तर कागद उचलून खाली थोडं शिंपडा. रंगावर वरून फवारू नका, पातळ होतो. झाकण लावून रंग काही दिवस टिकतो. वास यायला लागला की कापड फेकून द्या, ती बुरशीची सुरुवात असते.

छटा जुळत नाही याचं मुख्य कारण वेगळं आहे. ॲक्रिलिक वाळताना गडद होतं. त्यातलं बाइंडर (रंगाचे कण धरून ठेवणारा पदार्थ) ओलं असताना दुधाळ असतं, वाळलं की पारदर्शक होतं. म्हणजे ओला रंग तुम्ही वाळलेल्या रंगाशी जुळवता आहात. तो जुळला तरी वाळल्यावर खोल जाणार. मिश्रणाचा ठिपका त्याच कागदाच्या तुकड्यावर लावा, हेअर ड्रायरने वाळवा, मग चित्राशेजारी धरा. आणि मोठ्या भागासाठीचं मिश्रण लागेल त्याच्या दीडपट करून हवाबंद डबीत ठेवा. डबी काठोकाठ भरा, आत हवा कमी राहिली तर वर साय धरत नाही.

---

तिरपी_रेघ

गेरू यांच्याशी निम्मंच पटतंय. एकच मांडणी सहा वेळा करणं उपयोगी आहे, पण ज्याचा हात आधीच तयार आहे त्याचं नियंत्रण यात आणखी घट्ट होतं. प्रश्नकर्तीचा वॉश सपाट बसतो, रेखाटन प्रमाणात येतं. मग कमतरता आहे ती अपघाताची. हाताला न ऐकणारं काहीतरी द्या.

माझं मत जलरंगाच्या मोनोटाइपला, म्हणजे शीटवर रंगवून त्याचा कागदावर छाप घेण्याला. प्रेस लागत नाही. दीड-दोन मिमी जाडीची ॲक्रिलिकची पारदर्शक शीट घ्या, कागदापेक्षा लहान. ४०० नंबरचा पॉलिशपेपर ओला करून गोल गोल घासा, शीट सगळीकडून सारखी दुधाळ दिसेपर्यंत. गुळगुळीत राहिली तर जलरंग थेंबाथेंबाने गोळा होतो. धुवून वाळवा, मग गम अरेबिकचा (पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा) अगदी पातळ हात फिरवा आणि तोही वाळू द्या. पुढे रंग कागदावर निघायला हाच मदत करतो. गम नसेल तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब ओल्या बोटाने पसरून वाळवला तरी भागतं, पण थर जाड झाला तर रंगात फेस दिसतो.

शीटखाली तुमचं छोटं काळं-पांढरं चित्र ठेवा, वरून दिसेल. रंग नेहमीपेक्षा घट्ट, सायीएवढा. आणि आता मजा: उजेड काढायचा तो रंग पुसून. कापूस लावलेली काडी, चिंधी, सुकं कडक ब्रश, बोटाचं टोक, प्रत्येकाची खूण वेगळी येते. कागदावर जे रबराने कधी जमत नाही ते इथे एका पुसण्यात होतं. चित्र उलटं उमटणार हे लक्षात ठेवा, अक्षरं असतील तर आरशात बघून लिहा.

रंग पूर्ण वाळू द्या. हे ओल्यातच छापायचं असतं असं पुष्कळांना वाटतं. ओल्यात छापलंत तर सगळं चिखल होतं. दरम्यान २५० ते ३०० जीएसएमचा गुळगुळीत कागद दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा, दोन टॉवेलमध्ये दाबून टिपा. कागदावर पाण्याची चमक अजिबात नको, पण गालाला लावला तर गार लागायला हवा. ही एकच पायरी मोनोटाइप बनवते किंवा बिघडवते. चमक राहिली तर कडा फुटून रंग पसरतो. जास्त सुकला तर रंग तुकड्या-तुकड्याने उचलला जातो.

कागद शीटवर एकदाच, न सरकवता ठेवा. एका बाजूला टेपची बिजागरी केली तर बरं. वर ट्रेसिंग पेपर, आणि त्यावरून स्टीलच्या चमच्याची पाठ, मधून कडेकडे, छोट्या गोलात. ट्रेसिंग पेपर वगळू नका, ओला कागद चमच्याने सोलवटतो.

पहिल्या प्रतीनंतर शीटवर थोडा रंग उरतोच. त्याच वेळी दुसरा ओला कागद ठेवून फिकी प्रत काढा. खरं काम या फिक्या प्रतीत आहे. अर्धवट आकार, गायब झालेल्या कडा, कुठे नुसता ब्रशचा ओरखडा. वाळली की तिच्यावर रंगीत पेन्सिल, शाई, पारदर्शक वॉश, काहीही चढवा. कोरा कागद समोर नसल्यामुळे "काय काढू" हा प्रश्नच येत नाही, "यात काय दिसतंय" एवढाच राहतो.

एवढा खटाटोप नको असेल तर फ्रोटाज करा: पातळ कागद खडबडीत पृष्ठभागावर ठेवून वरून मऊ पेन्सिल किंवा क्रेयॉन आडवा घासायचा. चित्रकार माक्स एर्न्स्टने १९२५ साली लाकडी फळ्यांवरून हे सुरू केलं आणि त्या रेषांतून जंगलं आणि पक्षी काढले. कागद ६० ते ८० जीएसएमचा, ४बी किंवा ६बी पेन्सिल, टोकाने नव्हे, शिश्याच्या कुशीने. जाड कागदावर पोत उमटतच नाही.

---

गेरू

अपघात हवा हे मान्य. फक्त एक सावधगिरी: मोनोटाइप, मग कोलाज, मग शाई, मग आणखी काही असं दर आठवड्याला माध्यम बदललं तर हात सगळीकडे नवशिक्याच राहतो, आणि नवलाईलाच प्रेरणा समजण्याची सवय लागते. मोनोटाइप करायचं तर त्याच तीन वस्तू, तीच मांडणी. माध्यम बदललं तेवढा एकच बदल.

---

मंद_उजेड

संध्याकाळी काम करता म्हणजे दिव्यात करता, आणि याबद्दल वर कुणी बोललं नाही.

मांडणीवरचा दिवा आणि कागदावरचा दिवा वेगळे हवेत. मांडणीवरचा पिवळसर असला तरी चालेल, सावल्या निळ्या दिसतात, छान असतं. कागद आणि पॅलेट मात्र एकाच दिव्याखाली, साधारण ५००० केल्विनचा (म्हणजे पिवळसर नसलेल्या पांढऱ्या उजेडाचा), रंग-अचूकतेचा सीआरआय आकडा ९० च्या वर. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. पिवळ्या दिव्यात पिवळा आणि पांढरा यांतला फरक डोळ्याला कळत नाही, आणि उबदार रंग मुळातच भरपूर आहेत असं वाटून हात ते कमी घालतो. सकाळी बघितलं की चित्र गारठलेलं.

कागदावरचा दिवा लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने, वरून. समोरून लावला तर ओल्या रंगावर आणि पेन्सिलीच्या शिश्यावर चमक येते आणि गडद भाग फिके दिसतात. मग तुम्ही आणखी काळं करत जाता. मांडणीच्या खोक्यात हा उजेड घुसत असेल तर मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा उभा करा.

फोनचा उपयोग फोटो चाळण्यापेक्षा इथे करा: चित्र आणि मांडणी एकाच फोटोत घ्या आणि तो काळा-पांढरा करा. छटांच्या चुका लगेच डोळ्यात भरतात. मांडणीचा फोटो मूळ म्हणून वापरू नका, फोन सावल्या एकतर बुडवतो किंवा नको तितक्या उजळतो, आणि जवळून घेतलेल्या फोटोत पुढची बरणी फुगते.

---

रिकामी_चौकट

सगळ्यांचे आभार, इतकं मुद्देसूद मिळेल असं वाटलं नव्हतं. तीन वस्तू, एक खोकं, सहा चित्रं हे पक्कं करते आणि त्यातलं एक मोनोटाइप.

दोन शंका. रंगांचं बंधन घालायचं तर किती रंग आणि कुठले? माझ्याकडे चोवीस ट्यूब आहेत आणि तोही एक घोळच आहे. आणि चमच्याने दाबताना शीटचा अंदाज कसा घ्यायचा, रंग पुरता उचलला की नाही ते कागद न काढता कसं कळतं?

---

काळी_शाई

चोवीसपैकी वीस डब्यात घालून डबा वर ठेवून द्या.

ॲक्रिलिकसाठी आंदेर्स झोर्न (१८६०–१९२०) या स्वीडिश चित्रकाराच्या नावाने ओळखलं जाणारं पॅलेट घ्या: यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), आयव्हरी ब्लॅक, पांढरा. आज व्हर्मिलियनच्या जागी कॅडमियम रेड लाइट वापरतात. काळा आणि पांढरा मिळून होणारा करडा उबदार रंगांशेजारी निळा वाटतो, काळा आणि ऑकर मिळून शेवाळी हिरवा देतात. चटक निळा आणि जांभळा यात मिळत नाहीत, आणि त्यातच फायदा आहे: निळी बरणी निळ्या ट्यूबशिवाय निळी दिसायला तिच्याभोवतीचं सगळं उबदार करावं लागतं. काळा मात्र आयव्हरीच हवा. मार्स ब्लॅक घेतला तर दोन अडचणी, त्याचा करडा निळसर न वाटता उदास तपकिरीकडे झुकतो, आणि तो इतका जोरदार असतो की सगळं मिश्रण गिळून टाकतो. कुठलाही काळा पांढऱ्यात घालायचा, पांढरा काळ्यात नाही, नाहीतर पांढऱ्याची अर्धी ट्यूब संपते.

जलरंगासाठी त्याहून कमी: अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना, बस्स. बर्न्ट सिएना म्हणजे खरं तर मंद नारिंगी, म्हणून निळ्याशी मिळून तो करडा होतो. निळा जास्त घातला की थंड करडा, सिएना जास्त की तपकिरी, दोन्ही घट्ट घेतले की जवळजवळ काळा. खडबडीत कागदावर ओल्यात मिसळलं तर अल्ट्रामरीनचे कण खळग्यांत बसतात आणि सिएना वर तरंगल्यासारखा वेगळा दिसतो. पॅलेटवर घोटून घोटून मिसळलं तर हे सगळं मरतं. म्हणून दोन रंग कागदावरच भेटू द्या. बंधन घातलेल्या पॅलेटचा हा खरा लाभ. रंग निवडण्यात जाणारं लक्ष पाण्याच्या प्रमाणावर जातं.

पहिल्या दिवशी चित्र नको, तक्ता करा. दोन रंगांसाठी ७ चौकोन: दोन टोकांना शुद्ध रंग, मधे पाच पायऱ्या. प्रत्येकाखाली तोच रंग पाण्याने दोनदा पातळ करून. एकूण २१ चौकोन, २ सेंमीचे, अर्ध्या तासाचं काम. हा तक्ता बोर्डाच्या कोपऱ्यात कायम लावा.

छटा जुळण्याबद्दल चिकटपट्टी यांनी सांगितलंच आहे, त्यात एक भर. चित्राच्या पाठीमागे मिश्रणं लिहीत जा. चित्रकार योसेफ अल्बर्सने १९५० पासून १९७६ मध्ये मरेपर्यंत एकात एक बसवलेल्या चौरसांची हजारावर चित्रं केली. रंग ट्यूबमधून थेट, सुरीने, आणि कुठले रंग वापरले ते प्रत्येक फळीच्या मागे लिहिलेलं. तुम्हाला तितकं काटेकोर नको, "भिंत: पांढरा ६, ऑकर १, काळा टोकभर" एवढं पुरे. कागद जलरंगाचा असेल तर पेन्सिलीने लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

आणि नोंदवहीबद्दल. हाताएवढी वही ठेवा, पण त्यात "सुंदर संध्याकाळ" असलं काही लिहू नका, दोन महिन्यांनी त्यातून काही निघत नाही. करड्या पुठ्ठ्याला १ सेंमीचं भोक पाडा. एक डोळा मिटून त्यातून भिंत, सावली, भांड्याची कड बघा. आजूबाजूचं झाकलं गेल्यामुळे रंग एकटा दिसतो, आणि पांढऱ्या भिंतीची सावली तुम्ही समजत होता त्याहून बरीच गडद निघते. दिसलेला रंग वहीत २ सेंमीच्या चौकोनात जुळवा, शेजारी मिश्रण लिहा. दिवसाला सहा चौकोन, दहा मिनिटं. सुचत नसेल त्या दिवशी वहीतले कुठलेही शेजारचे तीन चौकोन उचला आणि आजचं चित्र त्याच तीन रंगांत करा.

---

चिकटपट्टी

काळी_शाई, भोकाच्या पुठ्ठ्यासाठी खास धन्यवाद. एक जोडतो: पुठ्ठा उजेडात धरला गेला पाहिजे, सावलीत गेला तर स्वतःच गडद होतो आणि सगळे रंग उजळ वाटायला लागतात.

साचलेल्या अर्धवट ॲक्रिलिकचं पण काही करा. त्यांवर काटकोनी पुठ्ठे फिरवून १०×१० सेंमीचे चांगले तुकडे शोधा, बाकीच्यावर पांढऱ्या आणि जरा ऑकरचा अर्धपारदर्शक थर द्या, खालचे आकार धूसर दिसत राहतात, त्यावरच नवं सुरू करा. खाली जाड फटकारे असतील तर आधी ओल्या पॉलिशपेपरने घासा, म्हणजे धूळ उडत नाही. कॅडमियम रंगांची धूळ नाकात जाणं चांगलं नाही. वाळलेली ॲक्रिलिक चित्रं एकावर एक रचू नका, वाळल्यावरही ती एकमेकांना चिकटतात, मधे बेकिंगचा कागद घाला.

---

तिरपी_रेघ

चमच्याची शंका राहिली. बिजागरीची टेप यासाठीच. विरुद्ध बाजूचा एकच कोपरा उचला, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, त्याहून जास्त नाही, आणि बघा. शीटवर रंग जाड दिसत असेल तर कोपरा परत टेकवून तिथेच आणखी अर्धा मिनिट चमचा फिरवा. कागद हलला नसेल तर दुहेरी कड येत नाही. दाब मनगटाने देऊ नका, उभं राहून खांद्याने द्या, नाहीतर मधला भाग उमटतो आणि कडा फिक्या राहतात. १९×२८ च्या कागदासाठी शीट १३×१८ ची घ्या. त्या मापाला दोन-तीन मिनिटं पुरतात, त्याहून मोठी घेतली तर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचेतो कागद वाळायला लागतो. तरीही कुठे ठिपके राहिले तर कागदाच्या पाठीवर ओला स्पंज हलकेच फिरवा, मिनिटभर थांबा, पुन्हा चमचा.

शीट साबणाने धुवून ठेवा. फ्थॅलो ब्लू किंवा ग्रीनचा डाग उरला तर तो राहू द्या, पुढच्या प्रतीत उतरत नाही.